पक्कड निसटली

मुंगी अकरा महिन्यांची होती तेव्हा मी तार ओढायला बसले. बसले म्हणायची आपली पद्धत, नाहीतर तार ओढताना बसायला कुठे मिळतं!

मुंगी म्हणजे माझी मुलगी. हे नाव माझ्या काकांनी पाडलं, कारण रांगायला लागल्यापासून ती जमिनीवरचा कण न् कण वेचून तोंडात घालायची, आणि दागिने घडवतात तिथल्या जमिनीवर काय काय पडलेलं असतं. "हिला उलटी धरून झटकली ना," काका म्हणायचे, "तर एखादी अंगठी सहज पडेल." म्हणून दिवसभर ती एका लाकडी खोक्यात असायची. खोक्याला मी आतून जुनी चादर ठोकली होती, तरी तिच्या कोपरांना कुसळं लागायचीच.

कारखाना कसला, एकामागे एक तीन खोल्या. पहिली रस्त्याकडची, काचेमागे काकांचं टेबल. ते साखळ्या आणि जाळीकाम करायचे. मधली लांब आणि अरुंद, उंचावर एकच खिडकी, तिच्यातून दिवसाचा तासभर उजेड यायचा आणि भिंतीवरून सरकत निघून जायचा. ही तारेची खोली. आणि तिसरी, दार उघडलं की खाटेलाच धडकणारी, आम्ही राहायचो ती. बाबा, मी आणि मुंगी. आई मी शाळेत असतानाच गेली. मुंगीचा बाप लांब कामाला गेला होता. आधी आठवड्याला फोन यायचा, मग महिन्याला, मग त्याचा नंबरच लागेना. त्याच्याबद्दल एवढं पुरे.

चाळीस वर्षं तार बाबाच काढत होते. ते आजारातून उठले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापासून कोटाच्या रिकाम्या बाहीसारखा लोंबत होता. तेव्हा मी पक्कड उचलली. दुसरं कोण होतं?

चांदी मुशीत वितळवायची, साच्यात ओतून पेन्सिलीएवढी कांडी करायची, ती ठोकून लांबवायची. मग जंत्री. जंत्री म्हणजे पोलादाची जाड पट्टी, तिला ओळीने भोकं, प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा केसभर लहान. कांडीचं टोक कानशीने निमुळतं करून भोकातून बाहेर काढायचं, पकडीत घट्ट धरायचं आणि मागे मागे चालत जायचं. आमच्या खोलीत चौदा पावलं. चौदा पावलं संपली की परत जंत्रीशी यायचं, पुन्हा पकडायचं, पुन्हा मागे. एक भोक झालं की दुसरं. पाठीला डोळे नसतात, पण महिन्याभरात माझ्या टाचांना फुटले होते. मुंगीचं खोकं किती अंगुळांवर आहे ते त्यांना कळायचं.

बाबा जंत्रीशेजारी स्टुलावर बसायचे. डाव्या हाताच्या चिमटीत मेणाचा गोळा, तो तारेला लावायचा, आणि डोळे मिटून ऐकायचं. तार भोकातून जाताना आवाज करते. नरम असली तर सर्र, रेशमी कापड ओढल्यासारखा. तीन-चार भोकं झाली की धातू हट्टाला पेटतो, आणि आवाजाच्या तळाशी एक बारीक शीळ सुरू होते. मला ती कित्येक दिवस ऐकूच येत नव्हती. बाबा म्हणायचे, "बास. ताव दे." मग तारेचं वेटोळं ज्योतीखाली मंद लाल करायचं, पाण्यात बुडवायचं, की ती पुन्हा नरम. शीळ ऐकूनही ओढत राहिलं तर ती किंचाळते, आणि मग तुटते.

"दादाचा कान म्हणजे गंमतच आहे," काका पुढच्या खोलीतून ओरडायचे. "तार कुजबुजली तरी ऐकू येते, आणि मी जेवायला हाका मारून मेलो तरी नाही."

"तुझ्या हाकेला ताव द्यायला पाहिजे," बाबा म्हणायचे. "कडक झालीय."

मला हे दोघं असे बोलायला लागले की बरं वाटायचं. आजारानंतर बाबांचं तेवढंच उरलं होतं: स्टूल, मेण आणि कान. हात गेलेल्या माणसाला लोक सोफ्यासारखं इकडून तिकडे सरकवतात. पण तारेच्या खोलीत ते "बास" म्हणाले की मी थांबायचे, आणि काकासुद्धा ती तार डोळे झाकून घ्यायचे.

कारखान्याचा एक नियम होता, आजोबांच्या वेळेपासूनचा. शिसं उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. शिसं चांदीला खातं. तांदळाच्या दाण्याएवढं मुशीत पडलं तरी अख्खी चांदी ठिसूळ होते, आणि ती चांदी ज्या चांदीत मिसळेल तीही. आजोबांनी एका जुन्या कारागिराला तडकाफडकी काढलं होतं, कारण त्याच्या खिशात गळाला लावायचं शिशाचं वजन सापडलं. रविवारी मासे धरायचा छंद होता बिचाऱ्याला. काका ही गोष्ट हसून सांगायचे. बाबा हसायचे नाहीत. तो कारागीर त्यांचा गुरू होता.

शेजारी रेडिओ दुरुस्त करणारे राहायचे. त्यांचं सगळं काम शिशा-कथलाच्या डागाने तारा जोडण्याचं, बाह्यांवरसुद्धा त्याचे थेंब. म्हणून बावीस वर्षं शेजारी राहून ते कधी आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. पायरीवरून गप्पा मारायचे, पायरीवरच चहा प्यायचे. "मी तुमच्याकडचा बाटलेला माणूस," म्हणायचे.

त्या वेळी काकांनी जाळीचा एक रुंद हार करायला घेतला होता, त्याला चाळीस हात तार पाहिजे होती, सलग, एकही सांधा नको. आजारानंतर एवढी लांब तार बाबांनी काढली नव्हती. आदल्या दिवसापासून त्यांना जेवण गेलं नाही. कांडी त्यांनी तीनदा ओतायला लावली. पहिलीत त्यांना बुडबुडा वाटला, दुसरीत काहीच नव्हतं, नुसती भीती होती. दिवसभर आम्ही ओढत होतो. मुंगी खोक्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी मागे गेले की तिचं तोंड पडायचं, पुढे आले की खुलायचं. दिवसभरात मी तिला किती वेळा सोडून गेले आणि किती वेळा परत आले कोण जाणे.

शेवटचं भोक. शेवटची दोन-तीन पावलं उरली होती. मुंगीने हात लांब करून पाण्याची बादली ओढली, ती धाडकन उलटली, बाबा दचकून तिकडे वळले, आणि त्याच क्षणी माझ्या हातातला ताण गेला. टक्.

"तुटली?" बाबांनी विचारलं.

शेपटाकडचा चार हातांचा तुकडा वेगळा झाला होता. बाबा तारेकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"नाही बाबा. पक्कड निसटली."

त्यांनी चिमटीतला मेणाचा गोळा दाबला.

"मग पुन्हा पकड," म्हणाले.

उरलेला तुकडा मी त्याच भोकातून काढला आणि दोन्ही एकाच रिळावर गुंडाळले. चांदीचा सांधा चांदीच्याच डागाने जोडता येतो, पण त्याला मोठी ज्योत लागते, आणि ज्योत पेटवली असती तर बाबांनी ऐकली असती. मी मुंगीला कडेवर घेतलं, रीळ तिच्या दुपट्यात गुंडाळलं, आणि तिला वारा लागू दे म्हणून फिरवून आणते असं सांगून शेजारी गेले.

रेडिओवाल्यांनी दोन टोकं बघितली, मग मला बघितलं.

"ताई, ही चांदी आहे."

"खेळणं आहे हो मुंगीचं."

"असलं खेळणं?"

"घरातच राहील," मी म्हणाले. "कुठे जाणार नाही."

"तुमच्या आजोबांनी मला उंबरा ओलांडू दिला नाही," ते म्हणाले, "आणि तुम्ही माझं शिसं पोरीच्या दुपट्यातून आत नेणार." पण त्यांनी डागणी तापवली. धुराची एक रेघ वर गेली. मुंगीने ती धरायला हात पुढे केला. अर्ध्या मिनिटाचं काम. घरी येऊन मी तो सांधा बारीक कानशीने घासला, इतका की नंतर नखाने चाचपून मलाही सापडेना.

त्या दिवशी बाबा दोनदा जेवले. "चाळीस हात," काकांना सांगितलं. "सांधा नाही." मग खाटेवर बसून डाव्या हाताने मुंगीला वर उचलायचा प्रयत्न केला, ती घसरली, दोघंही हसले. मला वाटलं, एवढ्यासाठी एवढंसं खोटं काय जड आहे.

नऊ दिवसांनी काकांनी जाळी डागायला घेतली आणि ज्योत लागताच तार शेपटाकडे, माझ्या सांध्यातच सुटली. "दादा," ते ओरडले, "तुझी तार मेणाची होती की काय रे? ज्योत बघून विरघळली!" त्यांनी खराब झालेला भाग कापला, तुकडे मोडीच्या डब्यात टाकले आणि दोन तुकड्यांची वेगळी नक्षी मांडून हार पुरा केला. कोणाला काही वाटलं नाही. बाबा तेवढे ज्योत लागली तेव्हा तार कशी दिसत होती, ते दोनदा विचारत राहिले.

मोडीच्या डब्यात सगळी टोकं जातात, पकडीच्या दातांनी चावलेली, कापलेली, तुटलेली. डबा भरला की मुशीत. तो डबा त्याच दुपारी भरला. बाबा मुशीत चांदी साफ वितळावी म्हणून टाकणखाराची चिमूट टाकत होते, ज्योत मी धरली होती. आत टोकं एकमेकांवर पडून लाल होत होती, मग कोसळत होती. त्यातलं ते एक टोक कुठलं, मला दिसत नव्हतं. चांदीचा गोळा फिरायला लागेपर्यंत बोलायला वेळ होता. मी मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. मग मुंगी रडायला लागली, दूध मागत होती, आणि बाबा म्हणाले, "ओत लवकर, पोर रडतेय." मी ओतलं.

त्यानंतर तार तुटायला लागली.

आधी दिवसातून एकदा. मग दर दोन भोकांनी. तुटलेली टोकं डब्यात, डबा मुशीत, मुशीतून नवी कांडी, म्हणजे माझी चूक फिरून फिरून सगळ्या चांदीत पसरत होती. ताव दिला की तारेवर कुठेतरी करडा डाग दिसायचा, राख सांडल्यासारखा, आणि नेमकी तिथेच ती जायची. बाबांनी मेण बदललं. जंत्री घासून घेतली. स्टूल भोकाच्या इतकं जवळ नेलं की तार त्यांच्या गालाजवळून जायची. "मला ऐकू येतंय ते बरोबर आहे ना?" एकदा त्यांनी विचारलं. चाळीस वर्षांत असं कधी विचारलं नसावं.

काका तिसऱ्या आठवड्यात मधल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. एप्रनला हात पुसत राहिले, हात स्वच्छ असूनही.

"दादा, बाजारात तारेचं रीळच्या रीळ मिळतं. यंत्राची असते, पण तुटत नाही. मला गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं असतं." मग माझ्याकडे वळले. "पोरी, राग मानू नकोस. पण एकतर दादाचा कान गेलाय, नाहीतर तुझे हात चुकतायत. दोन्हींतलं एक. शनिवारी मी इथे उभा राहतो. एक तार ओढा माझ्यासमोर. दादाचा कान असेल तर त्याने आराम करावा, झालं तेवढं खूप झालं. तुझे हात असतील तर..." ते थांबले. "तर ही खोली मी पॉलिशच्या मशीनला देतो. आणि मागची त्या मशीनवाल्याला."

मुंगीला घेऊन आम्ही कुठे जायचं, ते काका बोलले नाहीत.

ते गेल्यावर बाबा म्हणाले, "एक तुकडा आण. ताव दिलेला."

मी आणला.

"माझ्या कानाशी धर आणि वाकव."

मी वाकवला. मला काही ऐकू आलं नाही. बाबा म्हणाले, "पुन्हा." मग त्यांनी डोळे उघडले.

"नरम चांदी वाकताना गप्प असते. ही आतून चुरतेय. यात शिसं आहे." आवाज त्यांनी एकदम खाली आणला. "कुठून आलं, बाळा?"

मी सगळं सांगितलं. बादली उलटली तिथपासून ज्योत धरली तिथपर्यंत. मुंगी माझ्या मांडीवर होती, माझ्या गळ्यातल्या दोऱ्याशी खेळत होती. मी रडले नाही, कारण मी रडले की ती रडायची आणि काकांना कळलं असतं.

"मी काकांना सांगते," म्हणाले. "तुमचा कान ठीक आहे, चूक माझी आहे. आत्ता सांगते."

"बस."

"बाबा..."

"तो ओरडणार नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हसेल, चार जणांना सांगेल, आणि मग तुला मुशीजवळ उभं करणार नाही. तोच काय, या धंद्यात कोणीच करणार नाही. माझ्या गुरूला कोणी केलं नाही. हात सलामत होते त्याचे." मुंगीने त्यांचं बोट धरलं होतं, ते त्यांनी सोडवलं नाही. "तुला अजून किती वर्षं काढायचीत. मला किती?"

"पण नवी चांदी मागू. चांगली तार काढून दाखवू."

"जुनी का नको, असं तो विचारेल. काय सांगशील?"

मी मुंगीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"शनिवारी तू नुसती ओढ," ते म्हणाले. "काहीही झालं तरी ओढत राहा. मी बघतो."

शनिवारी सकाळी काका भिंतीला टेकून उभे राहिले. मुंगीच्या हातात त्यांनी आपला किल्ल्यांचा जुडगा दिला होता. पहिलं भोक बरं गेलं. दुसरं, तिसरं. बाबा मेण लावत होते, डोळे मिटलेले. चौथ्या भोकात शीळ सुरू झाली. एव्हाना मलाही ती ऐकू यायला लागली होती. मी बाबांकडे बघितलं. ते गप्प.

पाचव्या भोकात ती वाढली. मी पावलं आखडली. बाबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, एखादा माणूस खिडकीतून रस्ता बघतो तसे ते बसले होते. सहाव्यात तार किंचाळायला लागली, अशी की मुंगीने किल्ल्या टाकल्या आणि ओठ काढला. आयुष्य पुढच्या खोलीत घालवलं असलं तरी तो आवाज काकांनाही ओळखू येत होता. मी थांबले.

"का थांबलीस?" बाबा म्हणाले. "ओढ की."

"दादा!" काका भिंतीपासून सुटले. "अरे, ऐकू येत नाहीये का तुला? तारेने गळा काढलाय!"

बाबांनी डावा हात कानामागे नेला.

"काय?"

मला तेव्हा कळलं. पक्कड माझ्या हातात होती, त्यांनी सांगितलं होतं ओढत राहा, आणि मी ओढली. मी ओढली, हे मला लिहायलाच हवं. दोन पावलं मागे गेले आणि तार तुटून माझ्या मनगटावर सपकन बसली.

बाबांनी डोळे उघडले. त्या रिकाम्या भोकाकडे न बघता माझ्याकडे बघितलं, आणि जरा मोठ्याने, बहिरी माणसं बोलतात तसं, म्हणाले,

"पक्कड निसटली का ग?"

ती सलग तार तुटली त्या दिवशीच त्यांना माहीत होतं. पक्कड निसटते तेव्हा दात खरडल्याचा आवाज येतो, तार तुटते तेव्हा टक् येतो. चाळीस वर्षांच्या कानाला एवढंही कळणार नव्हतं का? बादलीच्या आवाजातसुद्धा ऐकलं होतं त्यांनी. ऐकून गप्प राहिले, कारण त्यांनाही ती तार सलग हवी होती.

काका बाबांच्या पुढ्यात उकिडवे बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कानात ओरडले, "कधीपासून?"

"आजारापासूनच," बाबा म्हणाले. "कमी कमी होत गेलं."

"सांगायचं नाहीस?"

"काय?"

काका वळले. डोळे भरले होते त्यांचे. "तुला कळलं नाही, पोरी? रोज शेजारी असतेस."

"नाही," मी म्हणाले. पक्कड निसटली म्हणण्यापेक्षा हे सोपं गेलं.

"डब्यातली मोड, कांड्या, सगळी चांदी गाळायला बाहेर पाठव," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "मी काय टाकलं मुशीत, काय नाही, माझा मलाच भरवसा नाही. आणि पोरीला तिच्या कानाने ओढू दे. हात चांगले आहेत तिचे."

चांदी गाळून आली. नव्या कांडीची तार पहिल्याच दिवशी सलग निघाली. काकांनी ती उजेडात धरली, म्हणाले, "उगाच शंका घेतली तुझ्यावर." मला त्यांनी नवा एप्रन आणला.

बाबांचं स्टूल मागच्या खोलीत गेलं. काकांनी त्यांच्यासाठी एक पाटी आणि खडू आणला. जेवलास का, असं पाटीवर लिहून समोर धरायचे. बाबा वाचून "हो" म्हणायचे. एकदा काकांनी घाईत "गेलास का" लिहिलं, तर बाबा म्हणाले, "अजून नाही, पण वाट बघतोय," आणि काका इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मग हसता हसताच उठून पुढे गेले आणि बराच वेळ तिकडून हातोडीचा आवाज आला नाही. रेडिओवाल्यांनी पायरीवरून निरोप पाठवला की कानाला लावायचं यंत्र ते स्वतः जोडून देतील, हौसेने. मी नको म्हणाले. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "खेळणं टिकलं का?" मी दार लावून घेतलं.

मुंगी याच दिवसांत बोलायला लागली. खोक्याची कड धरून उभी होती, मागच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि ती एकदम स्पष्ट म्हणाली, "आबा!" काकांनी टाळी वाजवली. "अरे वा! पहिली हाक आजोबाला!" मुंगी पुन्हा म्हणाली. पुन्हा. दर वेळी जरा मोठ्याने, आणि दर वेळी माझ्याकडे बघून, की आई, मी बरोबर म्हणतेय ना? बाबांची पाठ आमच्याकडे होती. ती हलली नाही. त्यांचा डावा अंगठा मात्र स्टुलाची कड घासत होता, मेण लावल्यासारखा.

"त्याला ऐकू जात नाही ग बाई," काकांनी तिला उचलून त्यांच्यासमोर नेलं. तेव्हा ते वळले, हसले.

पंधरा दिवसांत मुंगी शिकली. मला हाक मारते, काकांना हाक मारते. आबांची मात्र पँट ओढते.

सुरुवातीला दार लावलं की बाबा माझ्याशी हळू बोलायचे. एकदा मी काहीतरी विचारलं, ते उत्तर देत होते, आणि काका न सांगता आत आले. बाबांनी वाक्य मध्येच सोडून खोकल्यासारखं केलं. काकांच्या काही ध्यानात आलं नाही. पण त्या दिवसापासून बाबांनी दाराआडसुद्धा ऐकणं बंद केलं. मी म्हणते, "बाबा, कोणी नाहीये." ते पाटीकडे बोट दाखवतात. मी कानाशी जाऊन कुजबुजते, तर "काय?" म्हणतात, आणि त्यांचा चेहरा असा असतो की मलाच कळेनासं होतं. माणूस इतके दिवस बहिरेपणा पांघरून बसला तर खाली काही शिल्लक राहतं का?

आज काका बाहेर गेले होते. पुढची काच बंद, रस्ता शांत. मुंगी मागे बाबांपाशी होती. मी तार लावली. चौथ्या भोकात शीळ आली. ताव द्यायची वेळ झाली होती. मी दिला नाही.

मागचं दार मी सताड उघडं ठेवलं होतं. पाचवं भोक. मी सावकाश ओढली, म्हणजे आवाज लांबेल. बाबा, बास म्हणा. सहावं. ती किंचाळायला लागली. माझ्या दातांत शिरत होता तो आवाज. एकदाच म्हणा, कोणी नाही इथे. चौदा पावलं मागे, चौदा पुढे, आतून काही आलं नाही. मी पुन्हा पकडली. मला रागच आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. टक्. तुटली.

आत काहीच हललं नाही. मुंगीसुद्धा रडली नाही. म्हणून मी पक्कड टाकून धावले.

बाबा स्टुलावर होते. मुंगी त्यांच्या मांडीवर, आडवी धरलेली. तिचा एक कान त्यांनी आपल्या छातीशी घट्ट दाबला होता, आणि दुसऱ्यावर, अख्खा कान झाकून, त्यांचा डावा तळहात होता. तिला तो आवाज लागू नये म्हणून. ती त्यांच्या शर्टाचं बटण चोखत होती. तिने काहीच ऐकलं नव्हतं.

मी दारात उभी राहिले. त्यांनी मान वर केली. हात काढून घ्यायला आता उशीर झाला होता.

"पक्कड निसटली, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी "काय" असं विचारलं नाही. पाटीकडेही बघितलं नाही. हात तसाच मुंगीच्या कानावर ठेवून ते दुसरीकडे बघायला लागले, आणि मी परत जाऊन तुटलेली टोकं डब्यात टाकली.